दुकान सातला बंद होतं

आज एकतीस डिसेंबर,
आणि कुताइसी शहराला आत्ता आठवलंय
की कुणासाठी काहीच घेतलेलं नाही.

साडेपाच. दारावरच्या घंटेला उसंत नाही.
पुलाखालून रिओनी गढूळ धावतेय,
फुटपाथवर हेझेलच्या काठ्या तासून केलेल्या चिचिलाकी
पांढऱ्या दाढ्या सोडून ओळीनं उभ्या.
सकाळी गोझिनाकी थापली,
तिचा मध अजून बोटांना आहे.
आज प्रत्येक पुस्तकावर एक चिकट ठसा फुकट.

टॅक्सीवाला गोचा इंजिन चालू ठेवूनच आत येतो.
"सासूसाठी. जाड असू दे."
किती जाड?
तो बोटांत अंतर दाखवतो, चीज मागावं तसं.
मी त्याला बारीक पुस्तक देते.
जाड दिलंस तर तिला वाटेल
तू म्हणतोयस, तुम्हाला काय, वेळच वेळ.
हे ने. यात एक बाई मधमाश्या पाळते
आणि कुणाचं ऐकत नाही.
तो डोकं खाजवतो. "दोन द्या."
दुसरं कुणाला, मी विचारत नाही.

मग बाचाना, वय सतरा, कान लाल.
"ती सगळं वाचते. मी काहीच नाही."
मग जे तू स्वतः वाचशील तेच दे,
नाहीतर जानेवारीत तोंडी परीक्षा आहे तुझी.
अर्धा तास फिरून तो घेऊन येतो
'जुन्या कुलपांची दुरुस्ती, आकृत्यांसह'.
मी तोंड उघडते, मिटते,
आणि कागदात गुंडाळून देते.
कुणी सांगावं.

लोक म्हणतात, त्सिआला, तुम्हाला बरोबर कळतं.
डोंबल कळतं.
लग्नानंतरच्या पहिल्या नववर्षाला
ओतारीला मी माझं सगळ्यात लाडकं पुस्तक दिलं होतं.
"वाचतोय," तो म्हणायचा. सव्वीस वर्षं म्हणत होता.
तो गेल्यावर कपाट आवरताना सापडलं.
त्रेचाळिसाव्या पानात ट्रॉलीबसचं तिकीट.
आता ट्रॉलीबसही नाही गावात.

सात वाजून गेले. अर्धं शटर ओढलंय,
त्याच्या खालून एक मुलगी वाकून आत येते.
तेकले. हातमोज्यात नऊ लारी, मोजून.
आई येतेय. बारीहून, रात्रीच्या विमानानं.
चार वर्षं तिथे ती एका म्हातारीला
उठवते, बसवते, भरवते.
काय आवडतं गं आईला?
मुलगी छताकडे बघते. पुस्तकांकडे बघते.
"फोनवर ती मलाच विचारते, मला काय आवडतं ते."

असल्या वेळी फळी दिसत नाही नीट.
बरं, वाचणार कोण? ती का तू?
"मी."
मग हे. एक अस्वल स्टेशनमास्तर होतं त्याची गोष्ट,
धडे छोटे, अक्षर मोठं.
ऐक, पहिल्या पानावरच तिला झोप लागली
तर हिरमुसायचं नाही.
थांबायचं. पांघरूण घालायचं.
उद्या तिथूनच पुढे.
"किती?"
नऊ लारीच. काय योगायोग बघ.

घरी आले. खाली फटाके, वरच्या मजल्यावर भांडण,
मग गाणी, मग पुन्हा भांडण.
शेवटी उठले, ओतारीचं पुस्तक काढलं,
तिकीट बाजूला ठेवलं
आणि चव्वेचाळिसावं पान वाचलं, चष्मा लावून.
पंचेचाळिसावंही.

कंटाळवाणं आहे हो.
नुसतं हवेचं वर्णन, आणि एक काका संपतच नाही.
बरोबर जागी उतरला होता माणूस.